डाव्या बरगडीखालचे पोट दुखणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटाचा डावा वरचा भाग म्हणजे नेमकी कोणती जागा, आणि तेथे काय काय असते?

बेंबीतून जाणारी एक उभी आणि एक आडवी रेषा कल्पिली, तर पोटाचे चार भाग पडतात. त्यांपैकी रुग्णाच्या डाव्या हाताकडचा वरचा भाग तो हा. त्याचा बराचसा हिस्सा बरगड्यांच्या पिंजऱ्याआड असल्यामुळे आतले अवयव एरवी हाताला लागत नाहीत. जठराचा मोठा भाग येथे आहे. त्याच्या मागे, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आडोशाला, पाणथरी म्हणजेच प्लीहा असते. निरोगी प्रौढ माणसात ती साधारण मुठीएवढी, सुमारे १२ सेंटीमीटर लांब आणि १५० ग्रॅम वजनाची असते. स्वादुपिंडाचे शेपटीकडचे टोक या पाणथरीपर्यंत पोहोचलेले असते. उजवीकडून आडवे आलेले मोठे आतडे पाणथरीखाली एक तीव्र वळण घेऊन खाली उतरते. पाठीच्या बाजूला डावे मूत्रपिंड असते. सर्वांच्या वर श्वासपटलाचा पातळ पडदा, आणि त्या पडद्याच्या पलीकडे लगेच डाव्या फुफ्फुसाचा तळ व हृदय.

ही शेजारवस्ती लक्षात ठेवली की पुढची बरीच उत्तरे समजायला सोपी जातील. बोटाला काटा टोचला तर तो कोठे टोचला हे डोळे मिटूनही सांगता येते. पोटातल्या अवयवांच्या नसा इतक्या नेमक्या नसतात. "या सुमाराला कोठेतरी दुखते आहे" एवढेच त्या मेंदूला कळवतात. त्यामुळे केवळ जागा सांगून कारण विचारणाऱ्याला कोणताही जबाबदार डॉक्टर एका शब्दात उत्तर देणार नाही.

मग डॉक्टर कारण ओळखतात तरी कशावरून?

मुख्यतः दुखण्याच्या हकिगतीवरून. कोठे दुखते असे विचारले की काही रुग्ण तर्जनीचे टोक बरगडीवर अचूक टेकवतात आणि आम्ही तेथेच दाबले की "हं, हेच" म्हणून कळवळतात. असे दुखणे बहुधा बरगडीचे, तिच्या कूर्चेचे (टोकाच्या मऊ हाडाचे) किंवा स्नायूचे निघते. दुसरे काही रुग्ण पसरलेला तळहात पोटावरून गोल फिरवतात. ते दुखणे आतल्या अवयवाचे असण्याची शक्यता अधिक. आणखी काही जण बोलता बोलता हात मागे नेऊन अंगठा पाठीत रुतवून दाखवतात, आणि तेव्हा स्वादुपिंड किंवा मूत्रपिंड मनात येते. रुग्णाला स्वतःच्या या हालचालींची बहुतेक वेळा जाणीवही नसते, पण तपासणाऱ्याला त्यांतून पुष्कळ कळते.

त्यानंतर पाहायचे ते असे, की दुखणे एकाएकी सुरू झाले की हळूहळू वाढत गेले. जेवणाशी, श्वासाशी, हालचालीशी, चालण्याच्या श्रमाशी किंवा शौचाशी त्याचा काही संबंध आहे का. आणि सोबतीला ताप, उलटी, घाम, धाप, लघवीची तक्रार यांपैकी काय आहे.

या जागी दुखण्याचे सर्वांत नेहमीचे कारण कोणते?

जठराच्या अस्तराची सूज आणि तिच्याशी संबंधित आम्लपित्त. बेंबीच्या वर मध्यभागी किंवा किंचित डावीकडे जळजळ होते, आंबट ढेकर येतात, मळमळते आणि जेवणानंतर पोट जड होते. अस्तराला खोलवर जखम झाली, तर तिला व्रण किंवा अल्सर म्हणतात. जठरातल्या व्रणाचे दुखणे अनेकदा खाल्ल्यावर वाढते, तर त्यापुढच्या लहान आतड्यातल्या व्रणाचे दुखणे उपाशीपोटी किंवा मध्यरात्री उठवते आणि चार घास खाल्ल्यावर निवते. हा भेद पुस्तकात जितका स्वच्छ दिसतो तितका रुग्णात दिसत नाही, हेही सांगितले पाहिजे.

व्रणाचे मूळ तिखट खाण्यात आणि काळजी करण्यात आहे, अशी समजूत अजून टिकून आहे. प्रत्यक्षात त्याची दोन मोठी कारणे आहेत. पहिले म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हा संबंध दाखवला, तेव्हा जठरातल्या आम्लात जिवाणू जगतात हे मानायला फार थोडे लोक तयार होते. अखेर १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच या जिवाणूंचे मिश्रण प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जिवाणू सापडल्यास आम्ल कमी करणारे औषध आणि प्रतिजैविके यांचा, बहुधा चौदा दिवसांचा, पूर्ण क्रम घेऊन व्रणाचे मूळच काढता येते. बरे वाटले म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या थांबवणाऱ्याचा जिवाणू मात्र तसाच राहतो आणि पुढच्या वेळी त्याच औषधांना दाद देत नाही.

दुसरे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. गुडघेदुखीसाठी, कंबरदुखीसाठी किंवा शेतात राबून आल्यावर अंगदुखीसाठी औषधाच्या दुकानातून सुट्या घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या जठराचे संरक्षक अस्तर दुबळे करतात. गोळी जेवणानंतर घेतली की धोका संपला, असे नाही, कारण तिचा परिणाम रक्तावाटेही होतो. "कसली औषधे चालू आहेत?" या प्रश्नाला "काही नाही" म्हणणारे आजोबा जाताना सदऱ्याच्या खिशातून अशाच गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढून "ही घेतली तर चालेल ना?" असे विचारतात, हा आमच्या दवाखान्यातला नेहमीचा प्रसंग आहे.

गॅसमुळे इतके तीव्र दुखू शकते का?

होय. मोठ्या आतड्याचे डावीकडचे वळण हे आतड्याच्या मार्गातले बरेच उंच ठिकाण आहे आणि वायू वर चढून तेथे कोंडतो. आतडे ताणले गेले की बरगडीखाली कळ येते, कधी ती छातीपर्यंत चढते, आणि वायू सरला किंवा शौचास झाले की हलके वाटते. बद्धकोष्ठ असलेल्यांना हे वारंवार होते. "एकादशी अन् दुप्पट खाशी" या न्यायाने साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे आणि बटाट्याचा कीस यांवर झालेल्या उपवासाच्या दुसऱ्या दिवशीही दवाखान्यात अशा तक्रारी दिसतात.

मात्र "गॅस" हा शब्द आपल्याकडे निदान म्हणून फार सैल वापरला जातो. छातीत भरून आले तरी गॅस, पाठीत चमक निघाली तरी गॅस. पोट फुगलेले नसताना, वायू सरूनही दुखणे तसेच असताना, किंवा दुखण्याबरोबर घाम सुटत असताना त्याला गॅस म्हणणे धोक्याचे आहे. पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरे याच कारणासाठी सविस्तर दिली आहेत.

पित्ताची गोळी किंवा सोडा घेतल्यावर बरे वाटले, म्हणजे कारण पित्तच होते, असे समजावे का?

असे समजू नये. अनेक दुखणी येतात आणि आपोआप ओसरतात. गोळी घेतल्यानंतर ती ओसरली, तर श्रेय गोळीला मिळते. हृदयविकाराच्या दुखण्यातही सोडा किंवा पातळ अँटासिड प्यायल्यावर काही काळ आराम वाटल्याची उदाहरणे आहेत. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ पँटोप्राझोल, सकाळी न्याहारीच्या सुमारे अर्धा तास आधी घ्यायच्या असतात आणि त्या ठरावीक मुदतीपुरत्या असतात. वर्षानुवर्षे सल्ल्याशिवाय त्या घेत राहिल्याने मूळ आजार झाकला जातो, आणि पुढे दुर्बीण घालून पाहायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो.

हृदयविकाराचा झटका पोटदुखीच्या रूपात येतो का?

येतो, आणि या पानावरचा सर्वांत गंभीर मुद्दा हाच आहे. हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर टेकलेला असतो आणि त्याच्या वेदनेचे संदेश ज्या मार्गाने जातात, त्या मार्गाला जठराकडून येणारे संदेशही मिळतात. त्यामुळे पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखे, आवळल्यासारखे किंवा नुसतेच जड वाटणे, मळमळ, उलटी आणि दरदरून घाम, एवढीच लक्षणे घेऊन झटका येऊ शकतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात अशी आडवळणाची लक्षणे विशेष आढळतात. दीर्घकाळच्या मधुमेहात नसांची संवेदना बोथट झाल्यामुळे वेदना अगदी थोडी असते, आणि केवळ थकवा व धाप एवढेच जाणवते.

जिना चढताना, भरभर चालताना किंवा जेवून लगेच चालू लागल्यावर वरच्या पोटात भरून येते आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत निवते, अशी हकीगत असेल तर ती पित्ताची मानू नये. आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. पंधरा-वीस मिनिटांहून अधिक टिकणारे दुखणे आणि त्यासोबत घाम, धाप किंवा डाव्या हातात अथवा जबड्यात जाणारी कळ असेल, तर स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात जाऊ नये. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिला ईसीजी सर्वसाधारण आला म्हणून झटका नाही असे ठरत नाही; काही वेळाने तो पुन्हा काढावा लागतो आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणीही काही तासांच्या अंतराने पुन्हा करावी लागते. "एकदा काढला, सगळे ठीक आहे" म्हणून नातेवाईक घाईने घरी नेऊ पाहतात, तेव्हा डॉक्टर थांबायला का सांगतात त्याचे कारण हे आहे.

पाणथरी वाढणे म्हणजे काय, आणि ती का वाढते?

पाणथरी जुन्या तांबड्या पेशी गाळून काढते आणि रक्तातल्या जंतूंशी लढते. काम वाढले किंवा रक्ताची वाट अडली, की ती फुगते. बरगडीच्या खाली हाताला लागण्याएवढी होईपर्यंत ती बहुधा मूळ आकाराच्या दुप्पट-तिप्पट झालेली असते. वाढताना ती सरळ खाली न येता तिरपी, बेंबीच्या दिशेने सरकते. रुग्णाला कधी डावीकडे ओढल्यासारखे वाटते, कधी नुसते जडपण वाटते, आणि जठरावर दाब आल्यामुळे अर्ध्या भाकरीतच पोट भरल्यासारखे होते.

आपल्याकडे तापाच्या साथींमध्ये, म्हणजे हिवताप, विषमज्वर आणि कधी डेंग्यू यांमध्ये, ती वाढलेली सापडते. हिवतापाशी तर तिचे नाते इतके जुने आहे, की ब्रिटिश अमदानीत एखाद्या गावातील हिवतापाचे प्रमाण ठरवायला तेथील मुलांच्या पोटाला हात लावून किती जणांची पाणथरी वाढली आहे हे मोजत असत. गडचिरोलीच्या जंगलपट्टीत तापानंतरची डावी पोटदुखी ऐकली, तर हिवतापाची रक्ततपासणी आजही आधी होते. यकृताच्या दीर्घ आजारात, विशेषतः दारूमुळे किंवा काविळीच्या ब आणि क विषाणूंमुळे यकृत कठीण झाले असता, रक्ताची वाट तुंबून पाणथरी वाढते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ती प्रचंड वाढू शकते, आणि कित्येकदा हेच पहिले लक्षण असते. या आजारावर आता रोज घ्यायच्या गोळ्या आहेत आणि त्यांनी पुष्कळ रुग्ण दीर्घकाळ चांगले राहतात.

सिकलसेल आजाराचा वेगळा उल्लेख आवश्यक आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत तो मोठ्या प्रमाणावर आहे, आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या निर्मूलन मोहिमेमुळे त्याची तपासणी गावपातळीवर पोहोचू लागली आहे. या आजारात विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पाणथरीच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तेथे एकाएकी तीव्र कळ येते. लहान मुलांत शरीरातले बरेचसे रक्त अचानक पाणथरीत साठून राहण्याचा एक भयंकर प्रकार घडतो. मूल काही तासांत पांढरे फटक पडते, मलूल होते, आणि डावीकडे पोट फुगते. म्हणूनच सिकलसेल असलेल्या मुलाच्या आईला पाणथरी हाताने चाचपायला शिकवतात. डाव्या बरगडीखाली रोज हात लावणाऱ्या आईला हा बदल सर्वांआधी कळतो.

पडल्यावर किंवा मार लागल्यावर दोन-तीन दिवसांनी दुखू लागले, तर काय करावे?

त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पाणथरी नाजूक आणि रक्ताने भरलेली असते. मोटारसायकल घसरून हँडल पोटात बसणे, बैलाची शिंगे लागणे, कबड्डीत गुडघा बसणे, अशा मारात वरून साधे खरचटलेलेही दिसत नाही, पण पाणथरीला चीर जाऊन तिच्या आवरणाखाली रक्त साठते. हे आवरण कधी लगेच, तर कधी काही दिवसांनी फुटते. एका तरुणाने तिसऱ्या दिवशी येऊन सांगितले, की पोटाचे विशेष काही नाही, डावा खांदा दुखतो आहे, बहुतेक पडताना लचकला असेल. हात सर्व दिशांना सहज फिरत होता आणि खांदा दाबून दुखत नव्हता. पण आडवे झोपवले की खांद्याचे दुखणे वाढत होते. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसले. श्वासपटलाखाली रक्त साठले की त्याची वेदना खांद्यात जाणवते, कारण श्वासपटलाची नस मानेतून, खांद्याच्या नसांच्या शेजारून निघते. आजकाल अशा अनेक रुग्णांची पाणथरी न काढता, देखरेखीखाली ठेवून वाचवता येते. ती काढावीच लागली, तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस यांसारख्या जंतूंवरच्या लसी घ्याव्या लागतात आणि पुढे आयुष्यभर कोणताही ताप हलक्यात घ्यायचा नसतो.

स्वादुपिंडाचे दुखणे कसे ओळखावे?

ते सहसा विसरता न येणारे असते. वरच्या पोटात सतत, खोलवर, भोसकल्यासारखे दुखते, पाठीत आरपार जाते आणि उताणे झोपले की वाढते. रुग्ण खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून बसलेला असतो, कारण त्या बैठकीत थोडा आराम मिळतो. उलट्या थांबत नाहीत, आणि उलटी झाल्यावरही बरे वाटत नाही. स्वादुपिंडाला अशी तीव्र सूज येण्याची दोन प्रमुख कारणे म्हणजे पित्ताशयातील खडे आणि दारू. खडा उजवीकडच्या पित्ताशयातला असला तरी तो नळीत सरकून स्वादुपिंडाचे तोंड अडवतो आणि दुखणे मध्यभागी किंवा डावीकडे उमटते. रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी दर डेसिलिटरला १००० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यानेही हे होते. निदानासाठी रक्तातील लायपेज या स्वादुपिंडाच्या पाचक रसाची तपासणी करतात. ते कमाल मर्यादेच्या तिप्पट वा अधिक असणे अर्थपूर्ण मानतात. हा आजार घरी सोसण्याचा नाही. शिरेतून पाणी द्यावे लागते आणि पहिले काही दिवस निर्णायक असतात.

मुतखड्याचे दुखणे पोटात पुढे जाणवते का?

जाणवते. सुरुवात बहुधा पाठीत, बरगडीच्या खालच्या कुशीत होते आणि कळ पुढून खाली जांघेकडे उतरते. स्वादुपिंडाचा रुग्ण हालत नाही. मुतखड्याचा रुग्ण एका जागी बसत नाही, तो तळमळत येरझारा घालतो. ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे पाणी आणि औषधे यांवर आपोआप पडतात, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उन्हात काम करणाऱ्यांनी पाणी कमी पिणे हे खडे होण्याचे मोठे कारण आहे. खड्यासोबत थंडी वाजून ताप आला, तर मात्र तुंबलेल्या मूत्रपिंडात पू होत असण्याची शक्यता असते. त्या वेळी कुळथाच्या काढ्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

श्वास घेताना किंवा खोकताना चमक निघते. हे पोटाचे दुखणे आहे का?

बहुधा नाही. बरगड्यांमधला स्नायू आखडला, उसण भरली किंवा जोरदार खोकल्याने बरगडीची कूर्चा सुजली, तर असे होते. ते हालचालीने वाढते आणि दाबल्यावर दुखते. डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया झाला असेल किंवा फुफ्फुसाच्या आवरणात पाणी झाले असेल, तरी रुग्ण हात पोटावर ठेवतो. आवरणातल्या पाण्याचे आपल्याकडचे एक नेहमीचे कारण क्षयरोग आहे. ताप, खोकला आणि धाप यांपैकी काहीही सोबत असल्यास छातीचा एक्स-रे काढावा.

त्वचेवर काहीच दिसत नाही, पण डावीकडे पट्ट्यासारखी आग होते. हे काय असावे?

नागीण असू शकते. हा पूर्वी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षे निपचित असतो आणि पन्नाशीनंतर किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर जागा होतो. आग, ठणका आणि कपड्याचा स्पर्शही नकोसा होणे, ही लक्षणे पुरळ उठण्यापूर्वी दोन-तीन दिवस असतात, आणि तेवढ्या काळात अनेकांची पोटाची सोनोग्राफीही होऊन जाते. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू केल्यास उपयोग सर्वाधिक होतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळाले की माणूस दगावतो, ही भीती निराधार आहे; ती नसेच्या पट्ट्यात, सहसा शरीराच्या एकाच बाजूला राहते. गेरू लावण्यात गेलेले दिवस मात्र परत मिळत नाहीत.

बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेतले तर चालेल का?

चालणार नाही. बेंबी आपल्या जागेवरून सरकत नाही. चोळल्यावर वायू पुढे सरकून तात्पुरते बरे वाटते, आणि त्यातून ही प्रथा टिकली आहे. पण आत पाणथरी वाढलेली असेल, तर जोराने चोळल्याने ती फुटू शकते, आणि व्रण फुटण्याच्या बेतात असेल तरी हा प्रकार घातक ठरतो. मुलांच्या फुगलेल्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याच्या बातम्या मेळघाटातून आजही येतात. पाणथरी वाढलेले, आधीच अशक्त झालेले मूल भाजल्याच्या जखमांनी आणखी खचते, याखेरीज त्यातून दुसरे काही होत नाही.

लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्याबाबत वेगळे काही आहे का?

लहान मूल कोठेही दुखले तरी बेंबीवर बोट ठेवते, म्हणून मुलाने दाखवलेल्या जागेपेक्षा त्याच्या अंगातल्या बळाकडे पाहावे. खेळणारे, खाणारे मूल आणि कोपऱ्यात पडून राहिलेले मूल यांत फार अंतर आहे. बद्धकोष्ठ हे मुलांत नेहमीचे कारण आहे. जलद श्वास आणि ताप असल्यास न्यूमोनिया तपासावा. खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणे आणि पोटदुखी हे सगळे एकत्र आले, तर रक्तातील साखर लगेच पाहावी.

गर्भारपणात पाचव्या महिन्यानंतर वरच्या पोटात दुखून सोबत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर सूज असेल, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. हे दुखणे बहुधा मध्यभागी किंवा उजवीकडे असते, पण डावीकडे आहे म्हणून दुर्लक्ष करू नये.

हा कर्करोग तर नसेल ना?

बहुतेक वेळा नसतो. तरीही जठराचा, स्वादुपिंडाच्या शेपटाचा आणि मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणाचा कर्करोग याच भागात दुखतो. आधी कधी पोटाची तक्रार नसलेल्या माणसाला पन्नाशीनंतर ती प्रथमच सुरू होणे, प्रयत्न न करता वजन उतरणे, भूक जाणे, रक्त कमी होणे, घास अडकणे किंवा शौचाची सवय बदलणे, यांपैकी काही असेल तर गोळ्या बदलत बसू नये, दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. तंबाखू आणि मिश्री यांचा परिणाम तोंडापुरता राहत नाही, जठर आणि स्वादुपिंडापर्यंत पोहोचतो.

कोणत्या तपासण्या कराव्या लागतात?

हे हकिगतीवर अवलंबून आहे, आणि "सगळ्याच करून टाका" हा मार्ग खर्चीकही आहे आणि दिशाभूल करणाराही. चाळिशीपुढच्या व्यक्तीत ईसीजी आधी काढतात. पोटाच्या सोनोग्राफीत पाणथरी, मूत्रपिंड आणि पित्ताशयातील खडे चांगले दिसतात. तिच्यासाठी सहा ते आठ तास उपाशी राहायला सांगतात. जठराचे अस्तर सोनोग्राफीत दिसत नाही, आणि आतड्यात वायू असेल तर स्वादुपिंडाचे शेपूटही झाकले जाते. त्यामुळे "सोनोग्राफी नॉर्मल" हा शेरा व्रण किंवा हृदयविकार नाही असे सांगत नाही. व्रणासाठी दुर्बीण, स्वादुपिंडासाठी आणि न सापडलेल्या खड्यासाठी सीटी स्कॅन लागतो. हेलिकोबॅक्टरसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असल्यास आम्लाच्या गोळ्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून थांबवाव्या लागतात, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

कोणत्या स्थितीत क्षणभरही थांबू नये?

पोट फळीसारखे कडक झाले असेल आणि हात लावू देत नसेल. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली असेल. शौचास डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होत असेल (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते असे चिकट नसते). भोवळ येत असेल, हातपाय गार पडले असतील. मार लागल्यानंतर दुखू लागले असेल. घाम आणि धाप असेल. थंडी वाजून ताप असेल. किंवा सिकलसेलचा रुग्ण असेल, तर रात्र असो वा सण, रुग्णालयात न्यावे. निघताना रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये, कारण शस्त्रक्रिया करावी लागू शकते, आणि वेदनाशामक गोळीही स्वतःच्या मनाने देऊ नये.

डॉक्टरांकडे जाताना सोबत काय न्यावे?

घरात चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्याव्यात. आयुर्वेदिक चूर्णे, काढे आणि वैदूकडून घेतलेल्या पुड्याही त्यात असाव्यात. जुने अहवाल तारखेच्या क्रमाने लावावेत. दुखणे केव्हा सुरू झाले, त्याआधी काय खाल्ले होते, किती वेळ टिकले आणि कशाने वाढले, हे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून ठेवावे, कारण तपासणीच्या खोलीत ऐन वेळी आठवत नाही. दारूचे प्रमाण खरे सांगावे. सोबत वडीलधारे असल्यामुळे संकोच वाटत असेल, तर "डॉक्टर, दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे" असे म्हणावे. बाहेर थांबायला सांगणे आमच्याकडे रोजचेच आहे.